लूक बरोबर, पण दार कुठे?

सेटवर हमखास वाद होतो तो लूकवरून, म्हणजे नजरेच्या दिशेवरून. असिस्टंट म्हणतो कॅमेरा लेफ्ट, डीओपी म्हणतो राइट, दिग्दर्शक मनातल्या मनात एडिट जुळवत बसतो आणि शेवटी ‘दोन्ही घेऊन ठेवू’ असा तह होतो. तह कसला, निर्णय एडिटरच्या गळ्यात टाकलेला असतो.

वाद अनाठायी नाही. दोन माणसांमधल्या रेषेच्या एकाच बाजूला, १८० अंशांच्या आत कॅमेरा राहिला की एकाची नजर उजवीकडे, दुसऱ्याची डावीकडे जाते आणि ते एकमेकांशी बोलताहेत हे वेगळं सांगावं लागत नाही. आमची तक्रार दुसरीच आहे. रेष सांभाळली की जागा सांभाळली, असं आपण धरून चाललो आहोत. आपल्या दैनंदिन मालिकांमधली घरं आठवा. दोन-तीन कॅमेरे, चोख लूक, ॲक्सिस कुठेही तुटलेला नाही. तरी ज्या घरात प्रेक्षक रोज संध्याकाळी जातो, तिथलं स्वयंपाकघराचं दार कोणत्या भिंतीत आहे हे त्याला सांगता येणार नाही. क्लोजमागून क्लोज येतात आणि चेहऱ्यामागे कोणतीही भिंत चालून जाते. ‘लोक मोबाइलवर बघतात, वाइड कशाला?’ हे वर ऐकावं लागतं.

यासुजिरो ओझू ‘टोकियो स्टोरी’त (१९५३) ही रेष बिनदिक्कत ओलांडतो. समोरासमोर बसलेली माणसं कट झाल्यावर एकाच दिशेला पाहताना दिसतात. तरी आपण हरवत नाही. कॅमेरा खाली, जवळपास अचल. लेन्स ५० मिलिमीटरची. आणि शॉट बदलला तरी एखादी किटली वा बाटली जागेची खूण म्हणून फ्रेममध्ये राहते. एक नियम सोडताना त्याने स्वतःला त्याहून कडक नियम लावून घेतले होते.

सिडनी लुमेटचा ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ (१९५७) मात्र प्रत्येकाने कागद-पेन्सिल घेऊन पुन्हा पाहावा. बासू चटर्जींच्या ‘एक रुका हुआ फैसला’मुळे आपल्याकडे गोष्ट बहुतेकांना पाठ आहे, तेवढाच फायदा. एक खोली, एक लांब टेबल, बारा माणसं. दोघांमध्ये एक रेष असते. बारा जणांत जोड्या लावल्या तर ६६. ज्युरी खोलीत शिरतात तो शॉट लांबलचक आणि सलग आहे. पुढे जे जे लागणार, त्याची ओळख सुरुवातीलाच करून दिलेली: खिडक्या, पंखा, टेबल. बसण्याचा क्रम ज्युरींच्या क्रमांकानुसार, त्यामुळे कोणाची नजर कुठे जाणार हे कागदावरच पक्कं करता येतं. तसं ते करावंच लागलं, कारण लुमेटने चित्रण पटकथेच्या क्रमाने केलंच नाही. एका खुर्चीचं लायटिंग झालं की त्या खुर्चीतले शॉट उरकायचे, मग पुढची खुर्ची. भांडणाची एक बाजू आज, उत्तर काही दिवसांनी. तिथे ‘दोन्ही घेऊन ठेवू’ म्हणायची सोय नव्हती.

शिवाय कॅमेऱ्याची उंची. पहिल्या एक-तृतीयांश भागात तो डोळ्यांच्या पातळीच्या वर, मग पातळीवर, शेवटी खाली. मग छतही दिसू लागतं. सोबत लेन्सची फोकल लेंग्थ वाढत जाते आणि भिंती अंगावर येतात. बोरिस कॉफमनच्या या छायाचित्रणाची तारीफ नेहमी होते, पण ते जमतं कशामुळे याची चर्चा क्वचितच. खोली आपल्याला पाठ झालेली असते म्हणून ती आक्रसलेली जाणवते. अनोळखी खोली लहान झाली काय नि मोठी झाली काय, कोणाला कळणार?

आपल्याकडचं उदाहरण हवं तर चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ (२०१४). मृणाल देसाई यांचा कॅमेरा लांब, स्थिर, बऱ्याचदा फक्त बघत बसलेला. चित्रपटाच्या शेवटाकडे न्यायालयाचं काम संपतं, लोक निघून जातात, दिवे एकेक करून बंद होतात आणि कॅमेरा जागचा हलत नाही. त्या अंधारातही न्यायाधीशांची खुर्ची कुठे आहे हे आपल्याला माहीत असतं. हे श्रेय त्या शॉटचं नाही, आधीच्या सगळ्या वाइडचं आहे.

वेळ नसतो, हे आम्हाला मान्य आहे. दिवसाला ठरावीक मिनिटांचं फुटेज द्यायचं असतं आणि लोकेशन संध्याकाळी सोडायचं असतं. पण फ्लोअर प्लॅनला लागतो तो आदल्या रात्रीचा अर्धा तास. सेटवरच्या वादात त्याहून जास्त जातो. दारं, खिडक्या, माणसं, कॅमेऱ्याच्या जागा एका कागदावर काढा, आणि तो लाइट लागण्याआधी डीओपी, कला विभाग आणि स्क्रिप्ट सुपरवायझर या तिघांच्या हातात द्या. एडिटरलाही एक प्रत पाठवा. त्याला कोणी काही आधी सांगत नाही.

पुढच्या अंकापासून आम्ही दर महिन्याला एका प्रसंगाचा फ्लोअर प्लॅन छापणार आहोत, लेन्स आणि लूकच्या दिशांसह. आपापल्या कामातले प्लॅन पाठवा. हाताने काढलेले, खाडाखोड असलेले चालतील. शूटिंगनंतर नीटनेटके करून काढलेले नकोत.