जुनी पोलो जीटी अजून एवढी महाग का? सेकंड हँड स्पोर्टी गाड्यांच्या भावाचं गणित

२२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या गाड्यांवरचा जीएसटी उतरला. चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर आधी २८ टक्के जीएसटी आणि वर १ टक्का सेस होता, आता सरळ १८ टक्के. हिशोब करा: एक्स-शोरूम १० लाखांची गाडी साधारण ९ लाख १५ हजारांवर आली. ज्यांच्या दारात असलीच वर्षभर जुनी गाडी उभी होती, त्यांच्या गाडीचा भाव रातोरात खाली आला. नवी ९.१५ ला मिळत असताना जुनीला ९ कोण देणार?

पण याच काळात काही जुन्या गाड्यांचे मालक निवांत होते. त्यातली एक म्हणजे फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय. मी पनवेलला राहतो. गेल्या काही महिन्यांत कामोठे, कळंबोली, खांदेश्वर अशा भागांतल्या तीन-चार ओळखीच्या पोरांनी मला एकच प्रश्न विचारला: "दादा, गाडी आठ-दहा वर्षं जुनी आहे, कंपनीने बंदही केली, तरी समोरचा भाव सोडत नाहीये. घ्यावी का?" पहिली नोकरी, पहिलं कर्ज आणि मनात बसलेली गाडी. म्हणून हे गणित नीट उलगडून बघूया.

आधी मोबाईलचं उदाहरण

एकाच किमतीचे दोन फोन घ्या. दोन वर्षांनी एक निम्म्याच्या आसपास विकला जातो, दुसऱ्याला कोणी विचारत नाही. प्रोसेसर दुसऱ्याचा भारी असला तरीही. कारण घेणारा तीन गोष्टी बघतो. एवढ्याच पैशांत नवीन काय मिळतंय? बिघडला तर पार्ट आणि अपडेट मिळतील का? आणि फोन खरंच नीट वापरलाय याचा पुरावा काय?

गाडीलाही हेच तीन प्रश्न लागू पडतात. फरक एवढाच, की इथे चूक झाली तर फटका लाखांत बसतो.

प्रश्न पहिला: बदल्यात नवीन काय मिळतं?

आपल्या महाराष्ट्रातच तयार झालेल्या दोन गाड्या घेऊ. पोलो चाकणच्या कारखान्यात डिसेंबर २००९ पासून बनायची. २०१३ मध्ये तिची जीटी टीएसआय आली: १.२ लिटर टर्बो पेट्रोल इंजिन, १०५ पीएस ताकद आणि सात गिअरचा डीएसजी गिअरबॉक्स. डीएसजी म्हणजे दोन क्लच असलेला ऑटोमॅटिक. एक गिअर चालू असताना पुढचा आधीच तयार असतो, त्यामुळे बदल झटक्यात होतो. तेव्हा छोट्या हॅचबॅकमध्ये हे कोणी देत नव्हतं. २०२२ मध्ये पोलो बंद झाली.

दुसरी फियाटची अबार्थ पुंटो. २०१५ मध्ये रांजणगावहून आली, १० लाखांच्या आतल्या किमतीत १४५ पीएस. कागदावर पोलोपेक्षा कितीतरी जोरदार. पुढे फियाटने भारतातून काढता पाय घेतला.

आता गंमत बघा. आजच्या ह्युंदाई आय२० एन लाइनला १२० पीएस आहेत, म्हणजे २०१३ च्या पोलो जीटीपेक्षा जास्त. मग पोलोचा भाव टिकतो कसा? कारण घेणारा नुसते पीएस मोजत नाही. गाडी वेगात कशी स्थिर राहते, दार कसं बंद होतं, स्टिअरिंग हातात कसं बसतं, हे सगळं मिळून एक अनुभव होतो आणि त्याच्या जागी तस्संच दुसरं काही आलं नाही. फोक्सवॅगनचीच पुढची हॉट हॅचबॅक हवी असेल, तर २०२५ मध्ये गोल्फ जीटीआय आली; किंमत सुमारे ५३ लाख. पहिल्या खेपेला १५० गाड्या, त्याही लगेच संपल्या. मधल्या ४० लाखांच्या खड्ड्यात त्या कंपनीची दुसरी हॉट हॅचबॅक नाही. जुन्या पोलोचा भाव या खड्ड्यावर उभा आहे.

जीएसटी उतरला तेव्हाही हेच झालं. ज्या गाडीचं नवीन भावंड शोरूममध्ये उभं असतं, तिचा भाव त्या भावंडाबरोबर खाली येतो. ज्या गाडीचं नवीन भावंडच नाही, तिला थेट धक्का बसत नाही. प्रतिस्पर्धी गाड्या स्वस्त झाल्याचा थोडा ताण येतो, इतकंच.

आपल्याकडे याचं सगळ्यात जुनं उदाहरण म्हणजे यामाहा आरएक्स १००. १९८५ ते १९९६ एवढाच तिचा काळ. शंभर सीसीचंही इंजिन नाही, ताकद ११ एचपी. पण टू-स्ट्रोक इंजिनाची तशी बाईक आजच्या प्रदूषण नियमांत नव्याने बनवणं व्यवहारात शक्य नाही. नवीन येणार नाही म्हटल्यावर जुनीचा भाव वाढतो.

जगातही तेच सूत्र. होंडा एस२००० ही १९९९ ते २००९ पर्यंत बनली, फक्त मॅन्युअल गिअरमध्ये, टर्बो नाही, आणि इंजिन ९००० आरपीएमपर्यंत फिरायचं. आज बहुतेक स्पोर्ट्स कार टर्बो, ऑटोमॅटिक किंवा हायब्रिड झाल्यात, म्हणून तशा गाडीची किंमत टिकते. तिकडच्या रील्स बघून इकडे अंदाज बांधताना मात्र एक लक्षात ठेवा. आपल्याकडे तीन वर्षांपेक्षा जुनी सेकंड हँड गाडी साधारणपणे आयात करता येत नाही. तिकडचा जुना माल इकडे येत नाही, म्हणून आपला बाजार आपल्याच जुन्या गाड्यांवर चालतो.

नुसती दुर्मिळ असून भागत नाही

"लिमिटेड एडिशन" हा शब्द ऐकून भुलू नका. फोक्सवॅगनने २०१६ मध्ये इथे तीन दारांची जीटीआय आणली होती, फक्त ९९ गाड्या, १९२ पीएस. किंमत २५ लाखांच्या वर. एवढी दुर्मिळ असूनही ती खपेना, आणि पुढच्या वर्षी किंमत जवळपास सहा लाखांनी कमी करावी लागली. पहिल्या दिवशी घेणाऱ्याला काय वाटलं असेल!

उलट बाजू बघा. ऑक्टोबर २०२५ मध्ये स्कोडाने ऑक्टाव्हिया आरएसच्या १०० गाड्या आणल्या. किंमत ४९.९९ लाख, आणि ती जाहीर होण्याआधीच बुकिंग संपलं. दोन्हीकडे गाड्या मोजक्याच होत्या. फरक होता मागणीत. मधल्या नऊ वर्षांत हौशी ग्राहकांची एक पिढी तयार झाली, आणि ती तयार होण्यात साध्या पोलो जीटीचा आणि आधीच्या ऑक्टाव्हिया आरएसचा मोठा हात आहे असं माझं मत आहे.

प्रश्न दुसरा: बिघडली तर?

इथे अबार्थ आणि पोलोची वाट वेगळी होते. अबार्थवर प्रेम करणारे आजही आहेत, पण कंपनीच गेल्यावर पार्टसाठी धावाधाव होते. ज्याला गाडीचं वेड नाही असा ग्राहक अशा गाडीपासून लांब राहतो. घेणारे कमी, म्हणजे विकायला वेळ जास्त.

पोलोचं तसं नाही. २०२० नंतरच्या पोलोमध्ये जे १.० टीएसआय इंजिन आलं, त्याच कुटुंबातली इंजिनं आज व्हर्टस, टायगुन, स्लाव्हिया, कुशाकमध्ये आहेत. मेकॅनिकच्या हाताला सवय आहे. जुन्या १.२ टीएसआयमध्ये मात्र डीएसजीकडे बारीक लक्ष द्या. हा ड्राय क्लचचा गिअरबॉक्स आहे. पनवेल-सायन रस्त्यावर रोज संध्याकाळी रांगत चाललेली गाडी आणि द्रुतगती मार्गावर एका वेगात पळालेली गाडी, दोघींचे किलोमीटर सारखे असले तरी क्लचची झीज सारखी नसते. गिअर बदलणारा मेकाट्रॉनिक भाग गेला, तर खर्च दुरुस्त्यांच्या हजार-दोन हजारांत बसत नाही.

मोठ्या जर्मन गाड्या दहा वर्षांत इतक्या का पडतात, याचंही उत्तर इथेच आहे. ६० लाखांची गाडी तुम्ही १५ लाखांना घेतली, तरी तिचे पार्ट ६० लाखांच्या गाडीचेच राहतात. बाजार तो पुढचा खर्च आधीच वजा करतो. स्वस्त दिसते ती गाडी. खर्च स्वस्त झालेला नसतो.

यात २०२५ पासून इ२० पेट्रोलची भर पडली. पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. २०२३ आधीच्या गाड्या बहुतांशी त्यासाठी बनवलेल्या नाहीत. मायलेज किंचित घटतं आणि काही जुन्या गाड्यांत रबरी भाग, गॅस्केट बदलावे लागू शकतात, हे सरकारनेही म्हटलंय. पोलो २०२२ ला संपली, म्हणजे ती याच गटात. घ्यायच्या आधी इंधनाचे पाइप आणि सील मेकॅनिककडून बघून घ्या.

प्रश्न तिसरा: इतिहास पटतो का?

फोनमध्ये बॅटरी हेल्थचा आकडा दिसतो. गाडीत तसा एक आकडा नाही, पण मोबाईलवरूनच बरंच काही कळतं. स्टिअरिंगखाली ओबीडी नावाचं सॉकेट असतं. त्यात ब्लूटूथचा छोटा डोंगल लावायचा आणि ॲपवर बघायचं.

मागे एका ओळखीच्याबरोबर मी अशीच एक गाडी बघायला गेलो होतो. स्कॅनमध्ये एकही एरर नाही. ओळखीचा खूश. पण ॲपमध्ये "रेडीनेस मॉनिटर" असा एक विभाग असतो, तिथे बहुतेक चाचण्या अपूर्ण दिसत होत्या. याचा अर्थ एरर नुकतेच पुसले गेलेत किंवा बॅटरी काढून लावलीय. विकणारा म्हणाला, "बॅटरी कालच बदलली." असेलही. आम्ही म्हटलं, आठवडाभर चालवा, परत येतो. त्याने नंतर फोन उचलला नाही.

स्पोर्टी गाडीत आणखी एक सापळा असतो, रिमॅप. इंजिनाचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू, त्यातलं सॉफ्टवेअर बदलून टर्बोचा दाब वाढवतात. १०५ पीएसची गाडी जास्त ताकद देते, पण क्लच, गिअरबॉक्स आणि टर्बो मूळ हिशोबानेच बनलेले असतात. विकताना बरेच जण मूळ सॉफ्टवेअर परत टाकतात. त्यामुळे "कधी ट्यून केली होती का?" हे सरळ विचारा आणि ब्रँडचं काम जाणणाऱ्या वर्कशॉपमध्ये तपासून घ्या. ज्या गाड्यांचे भाव टिकतात त्या बहुधा मूळ अवस्थेत असतात, सर्व्हिसच्या पावत्या लागोपाठ असतात आणि मालक एक किंवा दोन.

एमपरिवहन ॲपवर नोंदणीची तारीख, कितवा मालक, विमा आणि कर्जाचा बोजा तपासा. गाडी दिल्लीची असेल आणि भाव फारच कमी वाटत असेल, तर एनओसी आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स मिळवून बेरीज करा. मग बोला.

तुमच्या खिशाचं काय?

"भाव टिकतो" याचा अर्थ "गुंतवणूक" असा अजिबात नाही. समजा ६ लाखांचं कर्ज १३ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं. हप्ता साधारण १३,६५० रुपये. पाच वर्षांत नुसतं व्याज २ लाख १९ हजार. गाडीचा भाव एक रुपयाही पडला नाही, असं स्वप्न धरलं तरी हे पैसे गेलेच. त्यावर विमा, टायर, सर्व्हिस.

दुसरं, विमा बाजारभाव बघत नाही. विम्यातली गाडीची किंमत, आयडीव्ही, ठरलेल्या घसाऱ्याने उतरते. चार ते पाच वर्षांच्या गाडीला ५० टक्के घसारा. पाच वर्षांनंतर आयडीव्ही तुम्ही आणि विमा कंपनी मिळून ठरवता. हौसेच्या भावाने ७ लाखांना गाडी घेतली, आयडीव्ही ४ लाख लागली आणि गाडी चोरीला गेली, तर वरचे ३ लाख कोणी देणार नाही, हप्ते मात्र चालू राहतील.

तिसरं, वय. २०१३ ची गाडी २०२८ मध्ये पंधरा वर्षांची होते. मग फिटनेस तपासणी, पाच वर्षांसाठी पुन्हा नोंदणी आणि हरित कर. पुढचा ग्राहक हे सगळं मोजूनच भाव सांगेल.

आणि वेग? द्रुतगती मार्गावर गाडीला मर्यादा ताशी १०० किलोमीटर, घाटात त्याहून कमी, आणि जुलै २०२४ पासून कॅमेरे लागलेत. जास्तीचे पीएस वापरायला कळंबोली ते लोणावळा जागाच नाही. त्यामुळे त्यांचे वेगळे पैसे मोजू नका.

माझा सल्ला विचाराल तर: २०२० नंतरची, मूळ अवस्थेतली, पावत्या असलेली गाडी थोडी महाग मिळाली तरी चालेल. जुनी डीएसजी घ्यायचीच असेल तर गिअरबॉक्सच्या दुरुस्तीचं कोटेशन आधी काढा आणि तेवढी रक्कम बाजूला ठेवता येत असेल तरच पुढे जा. टोकन देण्याआधी विमा कंपनीला गाडीचा नंबर देऊन आयडीव्ही किती लागेल ते लेखी मागवा. तो आकडा आणि मालकाचा भाव यांतलं अंतर म्हणजे तुम्ही हौसेसाठी मोजणार असलेली रक्कम. ती परवडत असेल, तर खुशाल घ्या.