सजीव कोण, निर्जीव काय?

‘जे हालचाल करते, श्वास घेते, अन्न घेते आणि वाढते ते सजीव,’ ही व्याख्या प्राथमिक शाळेतील मुले घडाघडा म्हणून दाखवतात. त्याच मुलांना अंगणातल्या आंब्याकडे बोट दाखवून विचारावे, ‘हा सजीव की निर्जीव?’ अनेक जण अडखळतात. झाड चालत नाही, बोलत नाही. उलट नदी वाहते, ढग धावतात, घड्याळ अखंड चालते. व्याख्या ओठांवर असते. अनुभव मात्र वेगळेच सांगत असतो.

स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी १९२६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात बालमनाचा हा स्वभाव नोंदवला होता. जे हलते ते जिवंत, असे लहान मूल मानते. म्हणून सूर्य, वारा, सायकल ही सारी त्याच्या लेखी सजीव ठरतात. प्राण्यांच्या बाबतीत मुले पियाजे यांना वाटले त्याहून लवकर जाणती होतात, असे पुढील संशोधकांना आढळले. वनस्पतींना जीव आहे, हे मात्र त्यांना उशिराच उमगते.

आपली भाषाही येथे मुलाला थोडी चकवते. माणसाला आपण ‘कोण’ म्हणतो, दगडाला ‘काय’. आणि झाडालाही ‘काय’च म्हणतो. ‘मुलाला पाहिले’ म्हणताना लागणारा ‘ला’ दगडाला लागत नाही, तसा झाडालाही लागत नाही. दुसरीकडे झरा ‘जिवंत’ असतो, विजेची तारही ‘जिवंत’ असते. भाषेचे हे वैभवच आहे. पण तिच्या आधारावर विज्ञान शिकवता येत नाही. त्यासाठी निरीक्षणच हवे.

आणि ते महागडे नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी व कोसबाड येथे पाने, बिया, शिंपले, खडे अशा परिसरातील वस्तूंतूनच बालशिक्षण उभे केले. आपल्या स्वयंपाकघरातही तशी सामग्री आहे. तीन वाट्यांत अनुक्रमे अख्खे मूग, मुगाची डाळ आणि बारीक खडे रात्रभर भिजत घालावेत. सकाळी पाणी काढून तिन्ही ओल्या फडक्यांत बांधून ठेवावे. मूग आणि डाळ दोन्ही फुगतात; पण मोड मुगालाच येतात. खडे तसेच राहतात. नुसते फुगणे म्हणजे वाढणे नव्हे आणि डब्यातला कोरडा मूग मृत नसून सुप्त होता, हे मूल स्वतःच्या डोळ्यांनी पाहते. डाळ करताना दाण्यातला कोंब दुखावला जातो, हेही मग सांगता येते. असा धडा विसरला जात नाही.

या संदर्भात आचार्य जगदीशचंद्र बोस यांचे नाव हटकून घेतले जाते. ‘झाडांना जीव असतो हा शोध त्यांचा,’ असे आपण मुलांना अभिमानाने सांगतो. ते अचूक नाही. वनस्पती सजीव आहेत हे त्यांच्यापूर्वीही ज्ञात होते. बोस यांचे मोठेपण निराळे आहे. वनस्पती आघाताला कसा प्रतिसाद देतात, हे त्यांनी स्वतः घडवलेल्या सूक्ष्म उपकरणांनी मोजले. १९०२ च्या त्यांच्या ग्रंथाचा विषयच सजीव आणि निर्जीव यांचे प्रतिसाद हा होता. ‘मोजून पाहा’ हा त्यांचा वारसा मुलांच्या हाती देणे, हाच त्यांचा खरा गौरव.

काही पालकांच्या मनात शंका येईल. नदीला आपण माता म्हणतो, दसऱ्याला अवजारे पूजतो, पुस्तकाला पाय लागला तर नमस्कार करतो. मग ‘हे निर्जीव’ असे शिकवल्याने संस्कार दुबळे होणार नाहीत का? मुळीच नाही. जीव कशात आहे, हा एक प्रश्न. कृतज्ञता कशाविषयी बाळगावी, हा दुसरा. ग्रंथ श्वास घेत नाही, तरी वंदनीय असतो. दोन्ही प्रश्नांची गल्लत केली तर विज्ञानही कच्चे राहते आणि श्रद्धाही.

आज या विवेकाची निकड वाढली आहे. घरातले यंत्र मुलाच्या हाकेला ओ देते, गोष्ट सांगते, हसतेसुद्धा. बोलणे ही आता सजीवतेची खूण राहिलेली नाही. बॅटरी संपलेले खेळणे पुन्हा सुरू होते. दगड लागून मेलेले कुत्र्याचे पिल्लू पुन्हा उठत नाही. हा फरक ज्या बालकाला मनापासून कळला, त्याचा हात पिल्लावर दगड उगारताना थबकेल. आजोबा परत का येणार नाहीत, हेही त्याला हळूहळू समजेल. करुणेची पहिली पायरी ही अशी ज्ञानाचीच असते.

म्हणून शाळेची वाट न पाहता या रविवारी मुलांच्या हातून मूग भिजत घालावेत. उत्तर आपण सांगू नये. दोन दिवस धीर धरावा आणि ते मुलांकडूनच ऐकावे.