वेड की व्याधी?

घरातील मुलगा सतराअठरा वर्षांचा झाला, त्याचे अभ्यासातील लक्ष उडाले, तो एकटाच पुटपुटू लागला, जवळ कोणी नसता त्यास आवाज ऐकू येऊ लागले, म्हणजे आमच्या वऱ्हाडात पुष्कळ घरी देवऋषी आधी आठवतो व डॉक्टर मागाहून. अंधश्रद्धा सोडा, हे गाडगेबाबांनी याच मुलखात कीर्तनांतून सांगितले. तरीही या फेऱ्यांत उपचाराची मोलाची वर्षे निघून जातात, याचे आम्हांस दुःख वाटते.

या व्याधीस छिन्नमनस्कता किंवा स्किझोफ्रेनिया म्हणतात. जगात सुमारे ३०० माणसांत एकास ती असते. १९७६ साली लंडन येथील संशोधकांस संगणकीय क्ष-किरण चित्रांत जुन्या रुग्णांच्या मेंदूतील पोकळ्या मोठ्या झालेल्या आढळल्या. पुढे एमआरआय यंत्राने मेंदूचे कोणते भाग एकमेकांशी मेळ राखून काम करतात, हेही दिसू लागले. आणि दोष एकाच जागी नसून भागाभागांस जोडणाऱ्या मार्गांत असावा, हे मत बळावले. अकोला स्टेशन ठीक, बडनेरा ठीक. पण मध्ये मूर्तिजापुरास सिग्नल चुकला तर गाड्यांचा जसा घोटाळा होईल, तसेच हे समजावे.

मात्र हे फरक अनेक रुग्णांची चित्रे निरोगी माणसांच्या चित्रांशी ताडून पाहिल्यावर दिसतात. एकट्या चित्रावरून या व्याधीचे निदान आजही होत नाही. त्यासाठी डॉक्टरांस रुग्णाशी व घरच्यांशी बोलावेच लागते. मग या संशोधनाचा आम्हांस लाभ कोणता? हाच की, ही करणी नव्हे, आणि आईबापांनी लावलेल्या वळणाचा दोषही नव्हे.

अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा उपक्रम झाला. त्यात गावच्याच माणसांस शिकवून लोकांत पाठविले. नैराश्याने पीडित असलेल्यांपैकी उपचारासाठी जाणाऱ्यांचे प्रमाण १८ महिन्यांत शेकडा ४.३ वरून २७.२ वर गेले, असे २०१७ साली प्रसिद्ध झाले. व्याधी निराळी, पण धडा तोच: कोणी आपुलकीने विचारले, तर माणूस उपचारापर्यंत पोहोचतो.

म्हणून पालकांस आमची विनंती की, अशी लक्षणे दिसताच जिल्हा रुग्णालय गाठावे, अथवा शासनाच्या टेलिमानस सेवेस १४४१६ या क्रमांकावर विचारावे. आणि विद्यार्थिमित्रहो, वर्गातील सोबती एकाएकी अबोल झाला, तर त्यास ‘येडा’ म्हणून हिणवू नका. त्याच्या शेजारी बसा व गुरुजनांस कळवा. मेंदूतील मार्गांचा शोध शास्त्रज्ञ घेत आहेत. माणसामाणसांतील मार्ग तुटू न देणे हे आपले काम आहे.