भोक कुठं पाडायचं?

रेवदंड्याच्या किंवा मुरुडच्या बंदरावर संध्याकाळी फेरी मारली, की ओढून ठेवलेल्या फायबरच्या होड्या नजरेत भरतात. सागवान महागलं, फायबर कुजत नाही, वजनालाही हलकं. कोळी बांधवांनी ते आपलंसं केलं यात नवल नाही. पण लाकडाबरोबर सुताराचं शहाणपणही मागं पडलं की काय, अशी शंका येते. फळीच्या कडेला खिळा ठोकला तर ती चिरते, हे सुताराच्या पोरालाही ठाऊक असे. फायबरला मात्र कुणीही, कुठंही ड्रिल लावतो.

दोर बांधायची खुंटी उपटली, की आपला ठरलेला उपाय म्हणजे जाड बोल्ट! इथंच फसगत होते. लोखंडी पत्र्यावर ताण आला तर भोकाजवळचं लोखंड थोडं ताणलं जातं आणि भार शेजारच्या बोल्टवर वाटला जातो. काचेचे धागे आणि रेझिन यांच्या थरांत हा समजूतदारपणा फारसा नाही. म्हणून अभियंते ढोबळ हिशेब सांगतात: भोकाच्या मध्यापासून कड बोल्टच्या जाडीच्या किमान तिप्पट लांब हवी. म्हणजे 12 मिलिमीटरच्या बोल्टला 36 मिलिमीटर. त्याच जागी 18 चा बोल्ट घातला, तर तिपटीचं दुप्पट होतं. शिवाय भोकाच्या बाजूचा पत्राही घटतो.

मग काय होतं? कड जवळ असेल तर बोल्ट समोरचा तुकडा घेऊनच बाहेर पडतो. पट्टी अरुंद असेल तर ती भोकातून आडवी तुटते. दोन्ही प्रकार एकाएकी घडतात, आणि दोराला ओढ बसते ती बहुधा खवळलेल्या पाण्यात. जागा ऐसपैस असेल तर भोकाची कड हळूहळू चुरडते, भोक लांबट होतं, खुंटी खुळखुळते. नाखव्याला ते बंदरातच कळतं. बिघडायचंच असेल, तर असं सांगूनसवरून बिघडावं!

बोल्टखाली रुंद वॉशर असला, तर दाबलेले थर फुगून सुटत नाहीत. धागे मात्र सगळे एकाच दिशेचे नसावेत. तिरके थर नसतील, तर कड कितीही लांब ठेवली तरी पत्रा धाग्यांच्या रेषेत फाटतो. हे गिऱ्हाइकाला बाहेरून दिसणार कसं? म्हणून होडी विकणाऱ्यानं तिच्याबरोबर एक साधं चित्र द्यावं, मराठीत: थर कुठं जाड केले आहेत, भोक कुठं चालेल, कुठं मुळीच नाही.