पेटी उघडली, किल्ली कोणाकडे?

कलाशाखेचा विद्यार्थी मोबाइलच्या यंत्रणेवर लेख लिहिणार, हे कळताच वसतिगृहात बरीच हसाहशी झाली. विज्ञानशाखेतल्या एका स्नेह्याने तर "मर्ढेकर संपले वाटते!" अशी विचारपूसही केली. हसणाऱ्यांना हसू द्यावे. मला हा विषय पुस्तकातून सुचलेला नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या आषाढात राजापूर तालुक्यातल्या आमच्या गावचा टॉवर चार दिवस मुका झाला. त्यातल्याच एका रात्री आजोबांना धाप लागली. फोन कोणाचाच लागेना. अखेर शेजारचा मुलगा भर पावसात मोटरसायकल काढून डॉक्टरांना घेऊन आला. आजोबा वाचले, म्हणून हे शांतपणे लिहिता येते आहे. माझा मावसभाऊ बाळादादा टॉवरांच्या देखभालीचे काम कंत्राटावर करतो. त्याने मागाहून कारण सांगितले : टॉवरच्या पायथ्याच्या पेटीतले एक कार्ड जळाले होते. पेटी ज्या कंपनीची, कार्डही तिचेच लागते. दुसऱ्याचे बसत नाही. ते यायला चार दिवस लागले.

ही पेटी म्हणजे टॉवरचा मेंदू. वरचा अँटेना नुसत्या लहरी झेलतो आणि सोडतो. त्या लहरींतून आकडे वेचणे, वाटेत झालेल्या चुका दुरुस्त करणे, शेकडो फोनांपैकी कोणाला कोणत्या क्षणी किती जागा द्यायची हे ठरवणे, हे सारे पेटी करते. आणि ४जीमध्ये ही वाटणी दर मिलिसेकंदाला, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागाला, नव्याने होते. आजवर या पेटीतले यंत्र आणि त्यातला प्रोग्रॅम एकाच कंपनीचा, एकमेकांना जखडलेला असे. जगात अशा पेट्या करणाऱ्या मोठ्या कंपन्या एका हाताच्या बोटांवर मोजता येतील.

आता निराळा विचार पुढे आला आहे. मेंदूचे काम शेवटी गणिताचेच ना? मग ते बाजारात मिळणाऱ्या साध्या सर्व्हरवर का करू नये? जपानमध्ये राकुतेन या ऑनलाइन दुकानदारी करणाऱ्या कंपनीने एप्रिल २०२० मध्ये असे जाळे ग्राहकांसाठी खुले केले. त्याची तांत्रिक धुरा ज्या तारिक अमीन यांच्याकडे होती, ते त्याआधी आपल्याकडे रिलायन्स जिओत होते.

यातला 'कंटेनर' हा शब्द मला फार आवडला. १९५६ साली अमेरिकेत 'आयडियल एक्स' हे जहाज ५८ पेटारे घेऊन न्यूअर्कहून ह्यूस्टनला गेले, आणि तिथून जगाचा व्यापार पालटला. आपल्या न्हावाशेव्याला आज तेच पेटारे दिसतात. क्रेन पेटाऱ्याला "तुझ्या पोटात काय आहे?" असे विचारत नाही. प्रोग्रॅमचेही तसेच केले आहे : त्याला लागणारे सगळे सामान एका पेटाऱ्यात बांधायचे, मग तो कोणत्याही सर्व्हरवर उतरवता येतो. एक बंद पडला तर दुसरा उभा करणाऱ्या व्यवस्थापकाचे नाव आहे 'कुबर्नेटीस'. मूळ शब्द ग्रीक, अर्थ सुकाणू धरणारा. आमच्या कोकणात त्याला तांडेल म्हणतात.

मात्र तांडेल कितीही हुशार असला तरी समुद्राचे नियम त्याला चुकत नाहीत. काचतंतूतून प्रकाशाला एक किलोमीटर जायला सुमारे पाच मायक्रोसेकंद लागतात. हिशेब इतका काटेकोर, की मेंदूतला तातडीचा भाग अँटेनापासून साधारण वीस किलोमीटरच्या आतच ठेवावा लागतो. मुंबईच्या थंडगार दालनात बसून राजापूरचा टॉवर पुरता चालवता येईल, असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नये. शिवाय साध्या सर्व्हरला हे गणित जड जाते. पुष्कळदा त्याला मदतीला वेगळे कार्ड जोडावे लागते. म्हणजे कार्ड आलेच!

माझा खरा आक्षेप पुढेच आहे. 'एका कंपनीच्या तावडीतून सुटका' अशी या तंत्राची जाहिरात होते. पण अमेरिकेच्या एटी अँड टी कंपनीने डिसेंबर २०२३ मध्ये खुल्या जाळ्यासाठी जो सुमारे १४ अब्ज डॉलरचा करार जाहीर केला, तो प्रामुख्याने एका एरिक्सनशीच. आजवर असे सर्व्हर जिथे बसले तिथे बहुतेक ठिकाणी आतली चिप इंटेलची. जुन्या सावकाराचे खाते मिटवून नव्याचे उघडावे, तसाच हा प्रकार नाही का?

दुसरी गोष्ट अधिक गंभीर वाटते. जुन्या पेटीत निदान गळा धरायला एकच माणूस होता. नव्या व्यवस्थेत रेडिओ एकाचा, सर्व्हर दुसऱ्याचा, प्रोग्रॅम तिसऱ्याचा. टॉवर मुका झाला की तिघे एकमेकांकडे बोट दाखवणार, आणि पावसात मोटरसायकल काढणारा मुलगा मात्र तोच!

तरीही मी या तंत्राच्या बाजूचा आहे. जळालेल्या सर्व्हरच्या जागी रत्नागिरीत मिळणारा सर्व्हर चालणार असेल, तर चार दिवसांचे चार तास होतील. पण 'असेल' वर सगळे अडले आहे. आडगावांच्या टॉवरांना सरकारी निधीतून पैसा मिळतो. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने त्या निधीला 'डिजिटल भारत निधी' असे नाव दिले. तो पैसा देताना दोन अटी घालाव्यात. एक, दुसऱ्या कंपनीचा भाग प्रत्यक्ष बसवून, टॉवर चालवून दाखवावा. नुसते 'खुले आहे' हे कागदावर चालणार नाही. दोन, टॉवर बंद पडल्यास जबाबदार कोण, ते एकच नाव ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावे. अर्थशास्त्राच्या आमच्या सरांना दुसरी अट भाबडी वाटते. मला वाटत नाही.

गणपतीत बाळादादाला हे सारे समजावून सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "सर्व्हर कुणाचाही असूदे रे. अँटेना वरच राहणार ना? मग पावसात चढायचंय मलाच." नंतर त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला. कंपनीने नव्या यंत्रणेच्या प्रशिक्षणासाठी नावे मागवली होती. कागद सगळा इंग्रजीत. रात्रीची आरती झाल्यावर आम्ही दोघे ओसरीवर तो वाचायला बसलो. पहिल्याच ओळीत 'कंटेनर' होता, आणि त्याला वाटले होते, न्हावाशेव्याला बदली होणार.