वजन उतरले, राखणार कोण?

स्थूल माणूस हा आपल्या जिभेचा गुलाम, अशी समजूत सुशिक्षितांतही खोल रुजलेली आहे. वजन उतरले की कौतुक होते. वर्षभरात ते परत वाढले की त्याच माणसाच्या निश्चयाची थट्टा होते. वस्तुतः शरीराचा हिशेब निराळा आहे. वजन घटताच विश्रांतीच्या वेळी खर्च होणारी ऊर्जा कमी होते; भूक चेतविणारी संप्रेरके वाढतात आणि तृप्तीची जाणीव देणारी ओसरतात. संप्रेरकांतील हा फेर वर्षभरानंतरही टिकून असल्याचे ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २०११ मध्येच दाखवून दिले. गेलेला साठा परत मिळविण्यासाठी शरीरच इतक्या नेटाने झटत असेल, तर सारा दोष जिभेच्या माथी मारणे न्यायाचे नाही.

नव्या औषधांनी हे अधिकच स्पष्ट केले. सेमाग्लुटाइडच्या २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ६८ आठवड्यांत वजन सरासरी सुमारे १५ टक्क्यांनी उतरले. औषध आणि त्यासोबतचे आहार-व्यायामाचे मार्गदर्शन थांबताच, उतरलेल्यापैकी दोनतृतीयांश वजन वर्षभरात परत आले. गोळी थांबविल्यावर रक्तदाब चढला, तर रुग्णाला कोणी दुबळ्या मनाचा म्हणत नाही!

वजन उतरविणे हा एकदाच करावयाचा भांडवली खर्च समजला जातो. प्रत्यक्षात तो आवर्ती आहे. धरणाला पैसा आणि कालव्यांच्या दुरुस्तीला खडखडाट, ही रीत महाराष्ट्राच्या चांगल्याच परिचयाची आहे. आरोग्यविमा तीच गिरवतो. विमा नियामकाच्या प्रमाणित नियमांनुसार उंचीच्या मानाने वजन मोजणारा निर्देशांक ४० किंवा त्याहून अधिक असेल, अथवा ३५ किंवा त्याहून अधिक असून गंभीर व्याधी जडलेल्या असतील, तर शस्त्रक्रियेचा खर्च मिळू शकतो. दुसऱ्या प्रकारात अट अशी की, आधीचे सौम्य उपाय निष्फळ ठरलेले असावेत. परंतु त्या सौम्य उपायांचा, म्हणजे डॉक्टरांकडील नियमित फेऱ्या, आहारतज्ज्ञाचा सल्ला आणि औषधे यांचा खर्च सर्वसाधारण पॉलिसी देत नाही. अपयशाचा दाखला मागायचा आणि यशाला पैसा द्यायचा नाही, असा हा व्यवहार आहे.

मार्च २०२५ मध्ये टिर्झेपॅटाइड भारतात आले, तेव्हा ५ मिलिग्रॅमच्या कुपीची किंमत ४,३७५ रुपये होती. आठवड्याला एक कुपी, म्हणजे महिन्याला साडेसतरा हजार. कारकुनाच्या घरात हा आकडा उच्चारण्याचीही सोय नाही. सेमाग्लुटाइडच्या भारतीय पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतची. पेटंट सरले की स्पर्धेने किमती उतरतात, हे अर्थशास्त्राला धरूनच आहे. पण स्वस्त औषध आणि देखरेख या एक गोष्टी नव्हेत. वजनाबरोबर स्नायूही झिजतात. तेवढ्याच निर्देशांकाच्या युरोपीय माणसापेक्षा भारतीयाच्या अंगात चरबी अधिक व स्नायू कमी असतात, हे पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनातून पुढे आले आहे. मुळातच तुटपुंजी असलेली ही ठेव औषधाच्या दुकानातून परस्पर सुई आणून उधळणे परवडणारे नाही.

यासाठी नवी इमारत उभारण्याचे कारण नाही. २०१० मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमाखाली जिल्हा व ग्रामीण रुग्णालयांत रक्तदाब-मधुमेहाच्या तपासणीची सोय करण्यात आली. त्याच रांगेत वजन आणि कंबरेच्या मापाची नोंद, तसेच आहारतज्ज्ञाची महिन्यातून एक फेरी, एवढ्याचा वार्षिक खर्च एका शस्त्रक्रियेच्या बिलाशेजारी मांडून पाहण्यास विमा कंपन्यांची आणि सरकारचीही हरकत नसावी.