जळायच्या आधी घर

आग जात बघत नाही, असं सांगणारे खूप भेटतात. खरंय. आग छप्पर बघते. पण कुणाच्या डोक्यावर कसलं छप्पर असावं हे या देशात जातीनं ठरवलं. माझं भांडण तिथून सुरू होतं.

परभणी जिल्ह्यातल्या कुठल्याही जुन्या गावात जा. मधोमध वाडा. हात-दोन हात जाड भिंत, वर माळवद. ठिणगी पडली तर मातीत विझते. गावकुसाबाहेर आपली वस्ती. पऱ्हाट्या-तुराट्यांचा कूड, त्यावर शेणामातीचा लिंपा, वर पाचट नाहीतर गवत. आता बरीच घरं विटांची झालीत, पत्र्याची झालीत, काही स्लॅबची झालीत. मान्य. पण वस्तीच्या कडेला एखाद्या विधवेचं, एखाद्या म्हाताऱ्याचं, उसाला जाणाऱ्या एखाद्या कुटुंबाचं घर अजून तसंच उभंय. ज्याच्यावर पत्रा आला त्याचीही सुटका नाही. उन्हाळ्यात पत्रा तव्यासारखा तापतो, म्हणून माणसं त्यावर पऱ्हाट्या, कडबा टाकतात. म्हंजे पत्रा घालूनही जळण डोक्यावरच. त्याच दिवसांत शेताशेतांतून धुरे पेटवतात, पाचट पेटवतात. वारं सुटलं की ठिणगी कुणाला विचारून येत नाही.

हे छप्पर आम्ही हौसेनं घातलं नाही. गावाच्या कायद्यात अस्पृश्यानं काय केलं की गुन्हा होतो, याची यादी बाबासाहेबांनी लिहून ठेवलीय. त्या यादीत जमीन-गुरं बाळगणं आहे, स्वच्छ कपडे घालणं आहे, पायात जोडा घालणं आहे आणि कौलारू घर बांधणंही आहे. नीट वाचा. कौलारू घर बांधणं गुन्हा! म्हंजे पेटणारं छप्पर ही गावानं आम्हाला ठोठावलेली शिक्षा होती.

आणि शिक्षेचा उपयोगही त्यांनी करून घेतला. १९६८ च्या २५ डिसेंबरला तामिळनाडूत किळवेण्मणीला मजुरी वाढवून मागणाऱ्यांची ४४ माणसं एका झोपडीत जाळून मारली. बहुतेक बाया आणि लेकरं. २७ जुलै १९७८ ला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळानं केला, आणि मराठवाड्यात वस्त्या पेटल्या. परभणी जिल्हा त्यात होता. आजचं हिंगोलीही तेव्हा परभणीतच होतं. कूड-छपराला किती मेहनत लागते? एक काडी. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. कमानीवर नाव लागलं. ज्यांच्या घरावर ते नाव आधी राखेनं लिहिलं गेलं, त्यांच्या छपराचं काय झालं, हा हिशेब आपणही मांडला नाही.

आता सरकारचा हिशेब बघा. आपत्तीत घर गेलं तर किती द्यायचं, याचे निकष केंद्र सरकारनं २०२२-२३ ते २०२५-२६ साठी ठरवले. त्या आपत्तींत आगही आहे. सपाट मुलखात पूर्ण नष्ट झालेल्या घराला, मग ते पक्कं असो की कच्चं, १,२०,००० रुपये. आणि झोपडीला? ८,०००. झोपडी म्हंजे काय, तर कच्च्या घरापेक्षाही हलकं. गवत, माती, प्लॅस्टिकचं तात्पुरतं बांधकाम. आग तीच, राख तीच. तलाठ्यानं पंचनाम्यात 'कच्चे घर' लिहिलं की एक किंमत, 'झोपडी' लिहिलं की दुसरी. एका शब्दाची किंमत १,१२,००० रुपये. शिवाय बांधकाम अधिकृत असल्याचं प्रमाणपत्र पाहिजे. गावठाणात ज्याला जागाच दिली नाही, जो दोन पिढ्या गायरानावर बसला, त्यानं ते कुठून आणायचं?

आग लावलेली असेल तर कायदा वेगळा आहे. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा दलिताचं राहतं घर जाळणाऱ्याला जन्मठेपेपर्यंत नेतो. त्याच्या १९९५ च्या नियमांत स्पष्ट लिहिलंय की जळालेल्या घराच्या जागी सरकारनं स्वतःच्या खर्चानं विटांचं किंवा दगडाचं घर बांधून द्यायचं. पण त्यासाठी आग 'लावली' असं आधी नोंदलं गेलं पाहिजे. 'दिवा कलंडला', 'चुलीतली ठिणगी उडाली' एवढं लिहिलं की ते घर आठ हजारांच्या खात्यात जाऊन पडतं. पंचनाम्याचा कागद ही अशी जागा आहे. तिथं आपला माणूस बहुतेक वेळा फक्त अंगठा द्यायला असतो.

पण हे सगळं जळाल्यानंतरचं. माझा मुद्दा जळायच्या आधीचा आहे.

अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात २०१८ च्या नोव्हेंबरात वणव्यानं पॅराडाइज नावाचं अख्खं गाव खाल्लं. ८५ माणसं मेली. पुढच्याच वर्षी तिथं कायदा झाला की वणव्याच्या वाटेवरची घरं आधीच घट्ट करायला सरकारनं पैशाची मदत द्यायची. न जळणारं छप्पर, ठिणगी आत शिरू नये म्हणून झरोक्यांना बारीक जाळी, घराभोवती पाच फूट जागा मोकळी. तिथं सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाही. पण घर जळू शकतं एवढंच तिथं मदतीला पुरेसं कारण ठरलं. आपल्याकडे आधी जळून दाखवावं लागतं.

आपल्याकडे असा अर्ज नाही का? त्या नावाचा नाही. पण घरकुलाचा अर्ज म्हंजे दुसरं काय असतं? रमाई आवास योजना अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठीच आहे. पंतप्रधान आवास योजनेत खेड्यातल्या घराला २०१६ साली १,२०,००० ठरले. सिमेंट, सळई, वाळू कुठल्या कुठं गेली आणि तो आकडा वर्षानुवर्षं तिथंच बसून राहिला. २०२५ च्या अर्थसंकल्पात राज्यानं आपल्याकडून ५०,००० ची वाढ जाहीर केली. वीट, न पेटणारं छत, बाहेर काढलेली चूल, भिंतीपासून लांब रचलेलं सरपण, जोड नसलेली वायर. आगीपासून घर वाचवायला एवढंच लागतं. अनुदान त्याच कामाचं आहे. फक्त ते मिळता मिळत नाही.

का मिळत नाही ते ऐका. नमुना आठचा उतारा पाहिजे. तो गावठाणातल्या घराला मिळतो. जातीचा दाखला पाहिजे, त्याला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा पाहिजे. आजा शाळेत गेला नाही, पुरावा कुठला? ज्याचं घर एकदा जळालंय त्याची पेटीही जळाली. त्याच्याकडून सरकार जळालेले कागदच मागतं. सगळं जमवलं तरी पैसा हप्त्यानं येतो. आधी जोतं उभं कर, मग पुढचा हप्ता. जोत्याला पैसा कुठून? गंगाखेड, पालम, सोनपेठकडचा माणूस मुकादमाची उचल घेतो, घर अर्धं टाकतो आणि उसाला जातो. तिथं साखर कारखान्याच्या रानात तो राहतो कशात? पाचटाच्या कोपीत! न जळणाऱ्या घरासाठी माणूस सहा महिने जळणाऱ्या घरात राहतो.

आता दोस्तांनो, तुमच्याशी बोलतो. तुम्ही मुंबई-पुण्यात आहात. क्रांतीवर रात्र रात्र बोलता, मीही बोलतो. अर्जाचं नाव काढलं की तुम्ही तोंड वाकडं करता. हे सुधारणावाद्यांचं काम, पुढाऱ्याच्या चमच्यांचं काम, सरकारपुढं हात पसरणं! मग ते काम कोण करतं? दलाल करतो. अर्जामागं पैसे खातो, हप्त्यामागं पैसे खातो. आपण सोडलेली जागा मोकळी राहत नसते.

महाड आठवा. सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा बोले यांचा ठराव १९२३ चा. महाड नगरपालिकेनं तळं खुलं केल्याचा ठराव १९२४ चा. कागद तयार होता. तीन वर्षं तळ्यातलं पाणी तसंच होतं आणि आपली माणसं तहानलेली होती. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारोंना घेऊन तळ्यावर गेले आणि तो कागद खरा झाला. कागदावरचा हक्क जमिनीवर उतरवायला चालत जाणं, याला आपण सत्याग्रह म्हणतो. मग घरकुलाचा हक्क उतरवायला पंचायत समितीवर चालत जाणं भीक कशी होते? १९६४ ला दादासाहेब गायकवाडांच्या मागं भूमिहीनांनी तुरुंग भरले. ती मागणीही सरकारकडेच होती. मागणाऱ्याची मान ताठ होती, म्हणून ती भीक झाली नाही.

तर उन्हाळ्याआधी आपापल्या गावाकडं जा. घर मोजल्यासारखी वस्ती मोजा. कुणाचं छप्पर पेटणारं, कुणाची जागा गायरानाची, कुणाचं नाव यादीत नाही, कुणाचा कुठला हप्ता कुठं अडकला, ते वहीत लिहा. ग्रामसभेत यादी मोठ्यानं वाचा आणि ठराव घ्या. अर्ज एकेकट्यानं देऊ नका, अख्ख्या वस्तीचे एका दिवशी द्या, आणि प्रत्येकाची पोच घ्या. पोच नसलेला अर्ज दिलाच नाही असं समजा. उत्तर आलं नाही तर माहितीचा अधिकार २००५ पासून आपल्या हातात आहे. आणि कुठं आग लागलीच तर पंचनाम्याला वस्तीतली शिकलेली पोरगी-पोरगा उभा पाहिजे. कागद वाचल्याशिवाय अंगठा नाही.

मागण्या सरळ आहेत. पेटणाऱ्या छपराखाली राहणारं प्रत्येक कुटुंब यादीत पहिलं. जिथं बसलंय तिथल्या जागेचा कागद त्याच्या नावावर. पहिला हप्ता जोत्याच्या आधी आणि जोतं निघेल एवढा. झोपडी आणि घर हा राखेतला भेदभाव बंद. कारखान्यावर पाचटाच्या कोपीऐवजी न जळणारा निवारा.

गावानं कौल घालणं गुन्हा ठरवलं होतं. तो गुन्हा आता प्रत्येक वस्तीत, प्रत्येक घरावर, उघड उघड करायचाय.

जय भीम!